संकल्पना नकाशा : विद्यार्थ्याच्या आकलनाचा आरसा

शाळेच्या निकालपत्रकात विद्यार्थ्याने मिळविलेले गुण असतात. त्याला काय समजले याची नोंद मात्र तेथे क्वचितच आढळते. पाठ केलेली व्याख्या आणि उमजलेली कल्पना या दोहोंना उत्तरपत्रिकेत बहुधा सारखेच गुण मिळतात. या दोहोंमधील अंतर शिक्षकाला, पालकाला आणि स्वतः विद्यार्थ्यालाही दिसावे, यासाठी जगभरच्या शाळांतून वापरात आलेले एक साधे साधन म्हणजे संकल्पना नकाशा. कागद, पेन्सिल आणि अर्धा-पाऊण तास यांपलीकडे त्याला काही लागत नाही. म्हणूनच साधनांची चणचण असलेल्या ग्रामीण शाळांच्या दृष्टीने त्याचा विचार अगत्याने होणे इष्ट आहे.

बीड जिल्ह्याच्या उत्तर भागात, गोदावरीच्या दक्षिणेस पसरलेला गेवराई तालुका या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. कापूस हे येथील महत्त्वाचे पीक. जायकवाडी प्रकल्पाचा पैठण उजवा कालवा या तालुक्यातून माजलगावकडे जातो आणि पाणी पोहोचते तेथे ऊसही उभा दिसतो. तथापि कोरडवाहू शेतीवर वर्षभराचा निर्वाह होत नसल्यामुळे, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्याच्या इतर तालुक्यांप्रमाणे येथीलही अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहांची सोय असूनही काही मुले आईवडिलांबरोबर जातात. ती परत येतात तेव्हा वार्षिक मूल्यमापन दाराशी आलेले असते. अशा मुलाची लेखी चाचणी घेतली, तर त्याला काय येत नाही एवढेच कळते. त्याला काय येते, आणि पुढचे शिक्षण कोठून सुरू करावे, हे कळत नाही. शिक्षकाला नेमकी याच माहितीची गरज असते.

कायद्याची अपेक्षा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम व मूल्यमापन यांविषयी जी तत्त्वे घालून दिली आहेत, त्यांत मुलाच्या ज्ञानाविषयीच्या आकलनाचे आणि ते ज्ञान वापरण्याच्या क्षमतेचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे, असे म्हटले आहे. येथे भर स्मरणावर नसून आकलनावर आहे, ही बाब लक्षणीय आहे. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाद्वारे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती स्वीकारली व आकारिक आणि संकलित असे मूल्यमापनाचे दोन भाग केले. आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी विविध साधने सुचविण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नेही पाठांतराऐवजी आकलन आणि क्षमता यांवर मूल्यमापन आधारले जावे, हीच दिशा दाखविली आहे.

धोरणाची दिशा अशी स्पष्ट असली, तरी प्रत्यक्ष वर्गात आकलन मोजावे कसे, हा प्रश्न शिक्षकासमोर उरतोच. संकल्पना नकाशा हे त्याचे एक उत्तर आहे.

संकल्पना नकाशाचा उगम

या साधनाचा जन्मच मुळी आकलनाच्या मोजमापातून झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांच्या विज्ञानविषयक कल्पना कशा घडत जातात, याचा अभ्यास करीत होते. पहिली-दुसरीच्या मुलांना ध्वनिफीत व साहित्य यांच्या साहाय्याने विज्ञानाचे पाठ देण्यात आले आणि पुढे त्यांच्या मुलाखती घेण्यात येऊ लागल्या. हा अभ्यास बारा वर्षे चालला. १९१ विद्यार्थ्यांना हे पाठ मिळाले होते, आणि त्याचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाखतींची टाचणे मात्र एवढी लांबलचक होत की, मुलाच्या समजुतीत नेमका काय बदल झाला हे त्यांतून शोधून काढणे दुष्कर होऊन बसले. तेव्हा १९७२ मध्ये, मुलाच्या बोलण्यातील संकल्पना व त्यांचे परस्परसंबंध एका पानावर आकृतीच्या रूपाने मांडण्याची युक्ती या गटाने काढली. तोच संकल्पना नकाशा होय.

त्यामागील विचार मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा होता. मूल नवीन गोष्ट शिकते ती त्याच्या मनातील आधीच्या ज्ञानाला जोडून. जोडणी झाली तर शिकणे अर्थपूर्ण होते, न झाल्यास ते घोकंपट्टीच्या पातळीवर राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणूनच शिकविण्यापूर्वी मुलाला काय ठाऊक आहे याचा शोध घेणे, ही शिक्षकाची पहिली जबाबदारी ठरते. नोव्हाक व बॉब गोविन यांनी १९८४ मध्ये ग्रंथरूपाने ही पद्धती सविस्तर मांडली आणि त्यानंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला.

महाराष्ट्रातही या विषयावर मौलिक काम झालेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मीना खरातमल व नागार्जुन जी. यांनी संकल्पना नकाशा अधिक काटेकोर कसा करता येईल, याचा अभ्यास केला. २००६ पासून त्यांचे याविषयीचे निबंध प्रसिद्ध होत आले आहेत. दोन संकल्पनांना जोडणारे शब्द विद्यार्थी मोघमपणे वापरतात. तेच शब्द नेमके केले तर विचारही नेमका होतो, हा त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा आहे. शिक्षकांनी तो विशेष ध्यानात घ्यावा असा आहे.

परिचित संकल्पनाचित्राहून वेगळा

संकल्पनाचित्र हा शब्द महाराष्ट्रातील शिक्षकांना नवा नाही. दहावीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न येतो. मध्यभागी एक चौकट, तिच्याभोवती चार रिकाम्या चौकटी, आणि त्यांत चार नावे भरावयाची, असे त्याचे सामान्यतः स्वरूप असते. उजळणीसाठी ते उपयुक्त आहे. परंतु त्यातील रेषांवर काहीच लिहिलेले नसते. मधल्या शब्दाशी भोवतालच्या शब्दांचे नाते कोणते, हे विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे चारही नावे पाठ असली की पूर्ण गुण मिळतात.

संकल्पना नकाशात रेषेवर बाण असतो आणि प्रत्येक बाणावर जोडशब्द लिहावा लागतो. दोन संकल्पना व त्यांमधील जोडशब्द मिळून एक पूर्ण विधान तयार होते. ते विधान खरे किंवा खोटे, नेमके किंवा मोघम ठरविता येते. आकलनाची कसोटी चौकटीतील शब्दात नसून बाणावरील शब्दात आहे. या साधनाचे सारे सामर्थ्य एवढ्या एका गोष्टीत साठविलेले आहे. सर्वसामान्य विधाने वर आणि विशेष विधाने खाली, अशी त्याची पायऱ्यापायऱ्यांची रचना असते. एका शाखेतील संकल्पनेचा दुसऱ्या शाखेतील संकल्पनेशी विद्यार्थ्याने आपण होऊन संबंध जोडला, तर त्यास आडवा दुवा म्हणतात. असा दुवा हे सखोल समजुतीचे लक्षण मानले जाते.

रिकाम्या चौकटी भरणे आणि संपूर्ण नकाशा स्वतः रचणे यांतील फरक संशोधनानेही तपासला आहे. मारिया रुइझ-प्रिमो, रिचर्ड शॅव्हेलसन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासात या दोन पद्धती परस्परांना पर्याय ठरत नाहीत, आणि विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांच्या समजुतीतील भेद स्वतः रचलेल्या नकाशातून अधिक चांगला प्रकट होतो, असे दिसून आले.

मराठी वाक्यरचनेची एक अडचण येथे लक्षात घ्यावयास हवी. इंग्रजी वाक्यात क्रियापद मध्ये येते, त्यामुळे बाणावरील शब्द दोन चौकटींच्या मध्ये सहज वाचला जातो. मराठीत क्रियापद शेवटी येते. म्हणून विद्यार्थ्यांना प्रथम दोन्ही चौकटी वाचून मग बाणावरील शब्द वाचण्याची सवय लावावी, आणि वाचताना विभक्तीचे प्रत्यय जोडण्याची मुभा द्यावी. ‘पान’ या चौकटीपासून ‘अन्न’ या चौकटीकडे गेलेल्या बाणावर ‘तयार करते’ असे लिहिले असेल, तर ‘पान अन्न तयार करते’ असे वाचावे. ही सवय एका तासात लागते, पण ती लावली नाही तर मुले बाणावर एकेरी नामे लिहीत राहतात व विधान तयारच होत नाही.

कपाशीच्या शेतातील उदाहरण

गेवराई तालुक्यातील एखाद्या शाळेचा उच्च प्राथमिक वर्ग डोळ्यांसमोर आणू. वनस्पतींचे पोषण हा भाग शिकवून झाला आहे. शिक्षकांनी फळ्यावर एक केंद्रप्रश्न लिहिला : ‘कपाशीचे झाड कशावर वाढते?’ त्याखाली दहा शब्द दिले : कपाशी, मूळ, पान, माती, पाणी, खत, हवा, ऊन, हरितद्रव्य, अन्न. स्वतःचे शब्द घालण्याची मोकळीक ठेवली. विवेचनासाठी कल्पिलेल्या दोन विद्यार्थ्यांचे नकाशे येथे पाहू.

पहिला विद्यार्थी वर्षभर वर्गात उपस्थित होता. लेखी चाचणीत त्याने प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या अचूक लिहिली व पूर्ण गुण मिळविले. त्याच्या नकाशात बारा विधाने आहेत. त्यांतील काही अशी :

पान → अन्न : तयार करते
हरितद्रव्य → ऊन : शोषून घेते
मूळ → अन्न : मातीतून ओढून घेते
खत → अन्न : आहे

पहिली दोन विधाने पाठ्यपुस्तकातील आहेत. पुढील दोन शेतावरच्या रोजच्या बोलण्यातून आलेली आहेत. या विद्यार्थ्याच्या मनात पान अन्न तयार करते हे ज्ञान आणि खत हेच झाडाचे अन्न ही समजूत, दोन्ही शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांचा परस्परांशी विरोध आहे, याची त्याला जाणीवही नाही. लेखी चाचणीने पहिले ज्ञान विचारले व ते मिळाले. दुसऱ्या समजुतीला तिने स्पर्शही केला नाही.

या समजुतीबद्दल मुलाला दोष देण्याचे कारण नाही. झाड मातीतून अन्न घेते असे शतकानुशतके विद्वानही मानत आले. बेल्जियमचे व्हान हेल्मॉन्ट यांनी वाळुंजाचे रोप मोजलेल्या मातीत लावले, पाच वर्षे त्यास केवळ पाणी घातले, आणि मग झाड व माती पुन्हा तोलली. झाडाचे वजन सुमारे ७४ किलोग्रॅमने वाढले होते; वाळविलेली माती मात्र सुमारे ५७ ग्रॅमच घटली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झाड पाण्यापासूनच बनते असे त्यांनी त्यावरून ठरविले; हवेचा वाटा त्यांच्या ध्यानात आला नाही. झाडाच्या देहातील कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे उलगडण्यास पुढे आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

ही चूक केवळ पुस्तकी नव्हे. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि ते हरितद्रव्य व प्रथिने यांच्या घडणीस आवश्यक असते; परंतु ते झाडाचे अन्न नव्हे, अन्न तयार करणाऱ्या यंत्रणेचा एक घटक होय. खत म्हणजेच अन्न असे मानणारा मुलगा उद्या शेतकरी झाल्यावर जास्त खत म्हणजे जास्त पीक असाच हिशेब करील. कपाशीला नत्र प्रमाणाबाहेर दिले, तर पालेदार वाढ माजते आणि रस शोषणाऱ्या किडींना वाव मिळतो, हे कृषिशास्त्राने सिद्ध केलेले आहे. बाणावरील एका चुकीच्या शब्दाची किंमत अशी शेतात मोजावी लागते.

दुसरी विद्यार्थिनी पाच महिने ऊसतोडीच्या तळावर राहून परतलेली आहे. लेखी चाचणीत व्याख्येची जागा तिने कोरी सोडली. तिच्या नकाशात सहाच विधाने आहेत. कपाशीला मूळ असते व पान असते. मूळ पाणी ओढते. पाणी पानापर्यंत पोहोचते. पान ऊन घेते. पान अन्न तयार करते. हवा, हरितद्रव्य, खत व माती हे शब्द तिने जोडलेलेच नाहीत. परंतु ‘ऊस’ व ‘कांडे’ हे दोन शब्द तिने आपण होऊन घातले आहेत :

अन्न → कांडे : साखर होऊन साठते

ऊस शेंड्यापेक्षा बुडख्याकडे अधिक गोड असतो, हे तळावरच्या प्रत्येक मुलाला अनुभवाने ठाऊक असते. बैलांसाठी बाजूला काढलेल्या वाढ्यांची हिरवी पाने तिने रोज पाहिली आहेत. पानात तयार झालेले अन्न खोडात साठते, हा पाठातील पुढचा मुद्दा तिने ज्ञात अनुभवाला जोडून घेतला. हा खरा आडवा दुवा आहे. तिला हवेचा वाटा शिकवावयाचा राहिला आहे, हेही त्याच नकाशातून स्पष्ट होते. लेखी चाचणीत अनुत्तीर्ण ठरलेली ही मुलगी, पूर्ण गुण मिळविलेल्या मुलाहून या एका बाबतीत पुढे आहे. आणि दोघांनाही उद्या काय शिकवावे, याचे उत्तर शिक्षकाच्या हाती आले आहे.

वर्गात कार्यवाही कशी करावी

नकाशा काढण्याचे तंत्र अवगत नसेल, तर परीक्षा विषयाची न होता तंत्राची होते. म्हणून प्रथम एक-दोन तास परिचित विषयावर सराव घ्यावा. ‘आठवडी बाजार’ हा विषय त्यासाठी उत्तम. शेतकरी, व्यापारी, भाजी, भाव, पैसा, गिऱ्हाईक हे शब्द घेऊन फळ्यावर सर्वांनी मिळून नकाशा रचावा. ‘संबंध आहे’, ‘असते’, ‘मुळे’ यांसारखे मोघम जोडशब्द आले की ‘नेमका कोणता संबंध?’ असे विचारावे. ‘गिऱ्हाईक वाढले की भाव चढतो’ असे नेमके विधान मुलांकडून येईपर्यंत घाई करू नये.

त्यानंतर पुढील क्रम ठेवावा. एक : नकाशा ज्याचे उत्तर देईल असा एकच स्पष्ट केंद्रप्रश्न द्यावा. दोन : आठ ते बारा शब्द द्यावे, त्याहून अधिक दिल्यास लहान मुले गोंधळतात. तीन : शब्द चिठ्ठ्यांवर लिहून मुलांना त्या जमिनीवर किंवा बाकावर हव्या तशा हलवू द्याव्या, आणि जागा निश्चित झाल्यावरच त्या कागदावर उतरवाव्या. चार : प्रत्येक बाणाला दिशा व जोडशब्द असलाच पाहिजे, हा नियम पाळावा. पाच : नकाशा पूर्ण झाल्यावर प्रत्येकाने आपली दोन विधाने मोठ्याने वाचून दाखवावी. सहा : घटक शिकवून झाल्यावर त्याच केंद्रप्रश्नावर दुसरा नकाशा काढून घ्यावा आणि दोन्ही एकत्र जोडून ठेवावे. पहिला व दुसरा नकाशा यांतील अंतर हीच त्या घटकातील विद्यार्थ्याची प्रगती होय.

ज्या मुलांना लिहिणे जड जाते, त्यांचा नकाशा तोंडी घ्यावा. मुलाने चिठ्ठ्या मांडाव्या व नाते बोलून सांगावे. शिक्षकांनी ते बाणावर त्याच्याच शब्दांत लिहावे. बंजारा तांड्यांवरील मुले घरी गोरबोली बोलतात. त्यांनी जोडशब्द घरच्या भाषेत सांगितला तरी तो स्वीकारावा आणि मराठी प्रतिशब्द शेजारी लिहून द्यावा. येथे तपासावयाचे आहे ते विषयाचे आकलन, भाषेची सफाई नव्हे.

गुणदान

नोव्हाक व गोविन यांनी सुचविलेली गुणपद्धती सोपी आहे. प्रत्येक बरोबर विधानास १, रचनेच्या प्रत्येक योग्य पायरीस ५, अर्थपूर्ण आडव्या दुव्यास १० आणि योग्य उदाहरणास १ गुण द्यावा. शिक्षकांनी त्याच शब्दांचा आपला नकाशा आधी काढून त्याचे गुण करावे व विद्यार्थ्याचे गुण त्याच्याशी ताडून पाहावे.

वरील उदाहरणात शिक्षकांच्या नकाशात १४ विधाने, ४ पायऱ्या, १ आडवा दुवा व १ उदाहरण आहे असे धरले, तर त्याचे १४, २०, १० व १ मिळून ४५ गुण होतात. पहिल्या विद्यार्थ्याच्या बारांपैकी दोन विधाने चुकीची. म्हणून १० गुण आणि तीन पायऱ्यांचे १५, असे एकूण २५, म्हणजे सुमारे ५६ टक्के. दुसऱ्या विद्यार्थिनीची सहा विधाने, दोन पायऱ्यांचे १०, आडव्या दुव्याचे १० व उसाच्या उदाहरणाचा १, असे एकूण २७, म्हणजे ६० टक्के.

तथापि या आकड्यांवरच थांबणे योग्य नव्हे. पहिल्या विद्यार्थ्याची मूलभूत चूक त्याच्या बेरजेत केवळ दोन गुणांनी कमी झालेली दिसते. मात्र ती न सुधारल्यास पुढील इयत्तांतील पोषण, श्वसन व अन्नसाखळी हे सारे भाग डळमळीत पायावर उभे राहतील. म्हणून गुणांबरोबरच नोंदवहीत दोन ओळी अवश्य लिहाव्या : कोणते विधान चुकले आणि कोणता दुवा सुटला. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत ‘प्रगती समाधानकारक’ असे ठोकळ शब्द लिहिण्यापेक्षा ‘खत हेच अन्न असे मानतो, हवेचा वाटा प्रयोगाने दाखवावा’ ही नोंद शंभरपट उपयोगाची आहे.

रुइझ-प्रिमो व शॅव्हेलसन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे मूल्यमापनाचे साधन म्हणून संकल्पना नकाशाचे तीन भाग असतात : विद्यार्थ्याला दिलेले कार्य, त्याने उत्तर देण्याचा प्रकार आणि गुण देण्याची रीत. यांपैकी एकही बदलला तरी निष्कर्ष बदलू शकतो. म्हणून एका शाळेतील नकाशाचे गुण दुसऱ्या शाळेतील गुणांशी तुलनेस वापरू नयेत.

मर्यादा

या साधनाच्या मर्यादाही ओळखून असावे. चाळीस मुलांचे नकाशे बारकाईने पाहण्यास वेळ लागतो. म्हणून प्रत्येक घटकास ते न वापरता सत्रात प्रत्येक विषयातील दोन-तीन मूलभूत घटक निवडावे. गणितातील आकडेमोड, वाचनाचा वेग, प्रयोगातील हातोटी यांची पारख नकाशाने होत नाही. त्यांसाठी अन्य साधने आहेतच. सर्वांत मोठा धोका नकाशाच पाठ करून घेण्याचा आहे. शिक्षकांचा आदर्श नकाशा फळ्यावर उतरवून मुलांनी तो घोकला, तर व्याख्येच्या जागी आकृती आली एवढाच फरक पडेल. दोन मुलांचे नकाशे सारखे असणे हे यशाचे नव्हे, तर संशयाचे कारण समजावे.

स्थलांतरित बालके आणि नकाशा

गेवराईसारख्या तालुक्यात या साधनाचा सर्वाधिक लाभ स्थलांतरित बालकांना होऊ शकेल. स्थलांतरित मुलाचे शिक्षण खंडित होऊ नये, तो जेथे जाईल तेथील शाळेला त्याची शैक्षणिक स्थिती कळावी, यासाठी शिक्षण हमी कार्डाची योजना शासनाने केली आहे. दसऱ्यापूर्वी घेतलेल्या दोन-तीन नकाशांच्या प्रती त्या कार्डासोबत दिल्या, तर साखर कारखान्याच्या परिसरातील शिक्षकाला मुलाची इयत्ता व हजेरी यांपलीकडे त्याच्या समजुतीचा नेमका टप्पा कळेल. मूल परतल्यावर त्याच केंद्रप्रश्नावर पुन्हा नकाशा घ्यावा. मधल्या महिन्यांत काय विसरले, काय टिकले आणि तळावरच्या जीवनातून काय नव्याने कळले, ही तिन्ही उत्तरे दोन कागद शेजारी ठेवताच मिळतात. उपचारात्मक अध्यापनासाठी संपूर्ण पुस्तक पुन्हा शिकविण्याची गरज राहत नाही. सुटलेले दुवे तेवढे जोडावे लागतात. हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांसाठीही सायंकाळच्या अभ्यासवर्गात हा उपक्रम सहज घेता येईल.

अधिकारी व पंचायत सदस्यांचे कार्य

कोणतेही नवे साधन वर्गात रुजते ते आज्ञेपेक्षा सहकार्याने. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत एका घटकाचे चार-पाच प्रत्यक्ष नकाशे ठेवून शिक्षकांची चर्चा घडवून आणावी. एकच नकाशा दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासावा व गुणांत तफावत का पडली, हे ताडून पाहावे. गुणदानातील एकवाक्यता अशाच सरावाने येते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने मराठीतील नेमक्या जोडशब्दांची विषयवार यादी तयार करून दिल्यास शिक्षकांचे काम सुकर होईल. विस्तार अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत किती नकाशे काढले याची संख्या विचारू नये. संख्या मागितली की संख्याच मिळते, आणि साधनाचा प्राण हरवतो. त्याऐवजी कोणत्याही एका मुलाचे पहिला व दुसरा असे दोन नकाशे पाहावे आणि त्यांमधील बदल त्या मुलाकडूनच समजून घ्यावा.

कलम २१ अन्वये स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत पालकांबरोबर स्थानिक लोकप्रतिनिधीही असतात. वास्तविक ‘किती मुले उत्तीर्ण झाली?’ हा प्रश्न समितीच्या सभेत नेहमी विचारला जातो. त्याच्या जोडीला ‘मुलांना काय समजले?’ हाही प्रश्न पंचायत सदस्यांनी विचारावा. मुलांचे नकाशे भिंतीवर लावून पालकसभा घेतली, तर शिक्षणाचा गंध नसलेल्या आईवडिलांनाही चर्चेत भाग घेता येतो. कारण कपाशी, खत, पाणी व ऊस यांविषयी त्यांना पुष्कळ सांगण्यासारखे असते. आपल्या मुलीने कांड्यातील साखरेचा दुवा शाळेतील धड्याशी जोडला, हे ऊस तोडणाऱ्या आईला समजावे, यासाठी कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

मूल्यमापनाचे प्रयोजन मुलांची प्रतवारी लावणे हे नसून त्यांच्या पुढच्या शिक्षणाची वाट दाखविणे हे आहे. वर्षाचे पाच महिने शाळेबाहेर काढलेल्या मुलाच्या बाबतीत तर त्याला वेगळेच महत्त्व येते. एप्रिल महिन्यात परतलेल्या अशा प्रत्येक मुलाच्या हाती शाळेने प्रश्नपत्रिका देण्यापूर्वी एक कोरा कागद व दहा शब्द ठेवावे आणि त्याच्या बाणांवरील शब्द काळजीपूर्वक वाचावे. पुढील वर्षाचे अध्यापन कोठून सुरू करावयाचे, हे तो कागदच सांगेल.